सांगावे की न सांगावे

तपासणीचे कागद हाती आले की डॉक्टर बहुधा रुग्णाला काहीतरी निमित्ताने बाहेर पाठवतात, वजन करून या म्हणतात किंवा पलीकडच्या खिडकीवर सही करून या म्हणतात, आणि मागे राहिलेल्या मुलाला अगर मुलीला खुर्ची पुढे घेऊन बसायला सांगतात. आजार यकृतात, फुप्फुसात किंवा हाडांत पसरला आहे, शस्त्रक्रियेने तो निघण्याजोगा राहिलेला नाही, औषधांनी काही काळ थोपवता आला तर आला, एवढे ऐकून होते न होते तोच त्या मुलाच्या तोंडून जे पहिले वाक्य बाहेर पडते ते, मग तो कोल्हापूरचा असो, नांदेडचा असो की अमेरिकेहून रजा काढून धावत आलेला असो, जवळजवळ ठरलेले असते: 'डॉक्टर, बाबांना मात्र यातलं काही सांगू नका.' डॉक्टरही, बाहेर रुग्णांची रीघ लागलेली असल्यामुळे म्हणा किंवा असा प्रसंग निभावण्याचे शिक्षण त्यांना कोणी दिलेले नसल्यामुळे म्हणा, मान हलवतात आणि आपल्या बाजूने दुसरे वाक्य उच्चारतात: 'घरी न्या, सेवा करा, आता विशेष काही करण्यासारखं नाही.'

ही दोन्ही वाक्ये मायेपोटी आणि सद्‌हेतूने उच्चारली जातात याविषयी मला यत्किंचितही शंका नाही. तथापि दोन्ही रुग्णाचे नुकसान करतात, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि त्यांतील पहिल्याचे निराकरण झाल्यावाचून दुसऱ्याचे होत नाही, कारण आपल्याला काय झाले आहे हेच ज्याला अधिकृतपणे ठाऊक नाही, त्याला उरलेले दिवस कसे घालवायचे आहेत, हे घरातले कोणीच उघडपणे विचारू शकत नाही.

'धसका घेतील', 'हाय खातील', 'आज चालते-बोलते आहेत ते उद्या अंथरूण धरतील', ही भीती आपल्या घरांत फार जुनी आहे, आणि ती निव्वळ अज्ञानातून आलेली आहे असे म्हणून चालणार नाही. वडीलधाऱ्यांच्या वाट्याला आलेले दुःख आपण परस्पर झेलावे, ही पुत्रधर्माचीच एक कल्पना तिच्या मुळाशी आहे. पण क्षणभर रुग्णाच्या बाजूने पाहावे. सदरा गळ्याशी सैल झालेला त्यालाच प्रथम दिसतो, चार महिन्यांपूर्वी सहज चढलेला जिना आज तीनदा थांबल्याशिवाय चढवत नाही हे त्यालाच कळते, आणि आपण खोलीत शिरताच बोलणे थांबते हेही त्याच्या नजरेतून सुटत नाही. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाचे दरवाजे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले, आणि तेव्हापासून आजपर्यंतच्या काळात 'टाटाला नेलं आहे' एवढे म्हणून रोगाचे नाव न घेता रोग कळवण्याची रीत महाराष्ट्रात थेट खेड्यापाड्यांपर्यंत रुजली. त्या पायऱ्या चढून आलेल्या माणसाला 'गाठ साधी आहे, औषधाने विरघळेल' असे सांगून दिलासा देता येतो असे समजणे, हा ज्याने आयुष्यभर संसार चालवला त्याच्या बुद्धीचा अवमान होय. मग तोही मुलांसाठी अजाणतेपणा पांघरतो. मुले त्याच्यापासून लपवतात आणि आपल्याला कळले आहे हे तो मुलांपासून लपवतो. ज्या काळात एकमेकांशी सर्वांत अधिक बोलायचे, त्याच काळात एका छपराखाली दोन्ही पक्ष हवापाण्याच्या गप्पा मारीत बसतात.

याचा अर्थ घरी येताच अहवाल मोठ्याने वाचून दाखवावा, असा मुळीच नव्हे. उत्तम डॉक्टर जे करतात तेच मुलांनी करावे: सांगण्यापूर्वी विचारावे. 'बाबा, आजाराबद्दल तुम्हाला स्वतःला काय वाटतं?' या एका प्रश्नाने त्यांना किती ठाऊक आहे ते समजते. त्यांचे उत्तर पूर्ण ऐकून घेतल्यावर, त्याच बैठकीत किंवा चार दिवसांनी, 'कागदात जे जे आहे ते सगळं सांगू, की तुम्ही म्हणाल तेवढंच?' या दुसऱ्या प्रश्नाने त्यांना किती ऐकायचे आहे ते समजते. कित्येक आया 'तुझं तू बघ बाबा, मला नको त्यातलं काही' असे म्हणतात. हेही पूर्ण उत्तर आहे आणि त्याचा मान राखलाच पाहिजे. फक्त ते कायमचे उत्तर समजू नये, काही आठवड्यांनी पुन्हा हळूच विचारावे, कारण शरीर बदलते तसे मनही बदलते. ज्याला ऐकायचे आहे त्याला खरे सांगावे, थोडे थोडे सांगावे, आणि तारखा सांगू नयेत. डॉक्टरांचे अंदाज दोन्ही बाजूंनी चुकतात, म्हणून 'वर्षे नाहीत, बहुधा महिने आहेत' इतपत मोघमपणाच प्रामाणिक ठरतो. वचन द्यायचे ते पाळता येण्यासारखे द्यावे. 'तुम्ही बरे व्हाल' हे आपल्या हाती नाही, 'तुम्हाला परत हॉस्पिटलात नेणार नाही' हेही नेहमी आपल्या हाती राहत नाही; परंतु 'दुखत असेल ते कमी करायला जे लागेल ते करू आणि तुम्हाला एकटं ठेवणार नाही' हे मात्र बहुतांशी आपल्या हाती असते.

शिवाय, रुग्ण पुष्कळदा आडून विचारतो आणि आपण ते ओळखत नाही. सातारा जिल्ह्यातील एका निवृत्त शिक्षकांना स्वादुपिंडाचा कर्करोग झाला होता. दिवाळी नुकतीच उलटली होती. मुलगी कॉटशेजारी बसून आठवड्याच्या गोळ्या डबीच्या खणांत लावीत होती. 'बँकेत हयातीचा दाखला याच महिन्यात द्यायचा ना?' त्यांनी विचारले. 'हो, नोव्हेंबरातच.' 'यंदाचा मी देईन. पुढं आईच्या नावावर पेन्शन व्हायला काय काय कागद लागतात, ते एकदा विचारून ठेव.' पलीकडे बसलेला थोरला मुलगा तत्काळ म्हणाला, 'असं अभद्र काय बोलता, बाबा?' मुलीने हातातली गोळ्यांची पट्टी खाली ठेवली आणि म्हणाली, 'विचारून ठेवते. बाबा, तुम्हाला सगळं कळलंय ना?' 'तुमच्या तोंडांवरून कळत होतंच की गं.' त्यानंतर ते बराच वेळ बोलत राहिले, आणि त्या बोलण्यात मरणाचा विषय फारसा नव्हताच: चुलतभावाकडून येणे असलेली रक्कम मागायची नाही, बांधावरचे आंब्याचे झाड शेजाऱ्याशी वाद न करता समाईकच ठेवायचे, आणि आईला रात्री एकटीला झोपायची भीती वाटते, पण हे ती कोणाला सांगणार नाही, तेव्हा तिच्या खोलीत कोणीतरी झोपत जा, एवढे त्यांना सांगायचे होते. थोरल्या मुलाचे ते एक वाक्य तसेच चालू दिले असते, तर यातले काहीही सांगितले गेले नसते.

आता डॉक्टरांच्या वाक्याकडे वळू. रोग मुळासकट काढता येत नाही आणि काहीच करता येत नाही, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांच्यामधल्या विस्तीर्ण प्रदेशात वैद्यकाची एक स्वतंत्र शाखा उभी आहे, जिला उपशामक शुश्रूषा अथवा पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. सिसिली साँडर्स या आधी परिचारिका आणि नंतर डॉक्टर झालेल्या इंग्लिश बाईंनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिसची स्थापना केली, तेव्हा त्यांचे प्रतिपादन असे होते की मरणोन्मुख माणसाची वेदना एकट्या शरीराची नसते; तिच्यात मनाची, घरादाराच्या काळजीची आणि 'हे माझ्याच वाट्याला का' या प्रश्नाची वेदना मिसळलेली असते, आणि या चारही अंगांकडे लक्ष दिल्याखेरीज गोळीचाही पुरता गुण येत नाही. आपल्याकडे वांद्र्याचे शांती अवेदना सदन १९८६ साली सुरू झाले, ते देशातले पहिले हॉस्पिस. गोव्यात लोटली येथेही त्याची शाखा आहे. पुण्याजवळ वारजे येथे १९९७ पासून सिप्ला पॅलिएटिव्ह केअर केंद्र चालते, तेथे नातेवाईकाने रुग्णाबरोबर राहून जखम कशी धुवावी, कूस कशी पालटावी, औषध केव्हा द्यावे हे शिकायचे आणि रुग्णाला घेऊन घरी परत जायचे, अशी पद्धत आहे. या दोन्ही ठिकाणी रुग्णाकडून पैसे घेतले जात नाहीत. टाटा रुग्णालयातही या शाखेचा स्वतंत्र विभाग आहे. मुलाने डॉक्टरांसमोर पहिल्याच भेटीत विचारायचा प्रश्न हाच, की पॅलिएटिव्ह विभागाकडे चिठ्ठी द्याल का? ती चिठ्ठी म्हणजे हार मानल्याची कबुली, हा समज सार्वत्रिक असला तरी चुकीचा आहे. बॉस्टनमध्ये फुप्फुसाचा पसरलेला कर्करोग असलेल्या १५१ रुग्णांवर झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निम्म्या रुग्णांना नेहमीच्या उपचारांबरोबर सुरुवातीपासूनच ही शुश्रूषा दिली गेली. त्यांच्यात खिन्नता कमी आढळली, अखेरच्या काळात त्यांच्यावर जहाल उपचारांचा मारा कमी झाला, आणि तरीही त्यांचे मध्यक आयुर्मान ११.६ महिने भरले, तर इतरांचे ८.९.

वेदनेविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण सुशिक्षित घरांतसुद्धा याबाबतीत अकारण क्रौर्य घडते, आणि तेही प्रेमापोटी. कर्करोगाच्या तीव्र वेदनेवर तोंडाने घ्यायचे मॉर्फिन हे स्वस्त आणि खात्रीचे औषध आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये साध्या वेदनाशामकापासून मॉर्फिनपर्यंत चढत जाण्याची जी पायऱ्यांची पद्धत घालून दिली, तिचा मुख्य आग्रह असा की औषध तोंडाने द्यावे आणि घड्याळाकडे पाहून द्यावे. वेदना असह्य होण्याची वाट पाहू नये. साध्या मॉर्फिनचा अंमल सुमारे चार तास टिकतो. पुढची गोळी आधीच्या गोळीचा अंमल सरण्यापूर्वी गेली तर वेदना डोके वर काढीत नाही, उशिरा गेली तर तीच वेदना आवरायला अधिक औषध लागते. पण घरात काय घडते? 'अफूच ती, सवय लागेल', 'आत्तापासून दिली तर शेवटी काय देणार', 'झोपूनच राहतील' असे म्हणून गोळी लांबवली जाते, आणि बाप उशीत तोंड खुपसून रात्र काढतो. वेदनेसाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलेल्या मॉर्फिनचे व्यसन अशा रुग्णांना क्वचितच लागते. त्याची मात्रा गरजेप्रमाणे वाढवता येते, म्हणून ते 'शेवटासाठी राखून' ठेवण्याचे कारण नाही. योग्य मात्रेने मृत्यू ओढवत नाही. गुंगी पहिले काही दिवस येते आणि बहुधा ओसरते, मळमळीवर औषध असते. बद्धकोष्ठ मात्र ओसरत नाही, म्हणून रेचक पहिल्या दिवसापासून बरोबर चालू असलेच पाहिजे. ते लिहून दिले नसेल तर मुलाने मागून घ्यावे. मात्रा आपल्या मनाने वाढवू नये, तसेच औषध एकाएकी बंदही करू नये.

एक साधी वही करावी. तीत वेळ, कोठे दुखले, दहापैकी किती दुखले, कोणती गोळी दिली आणि तासाभराने किती उतार पडला, एवढेच लिहावे. डॉक्टरांना 'फार दुखतं हो' या वाक्यापेक्षा त्या वहीच्या दोन पानांतून अधिक कळते, आणि पाळीपाळीने जागणाऱ्या भावंडांत 'गोळी दिली की राहिली' हा वादही उरत नाही.

मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफूची शेती होते, नीमच आणि गाझीपूर येथे सरकारचेच अफूचे कारखाने आहेत. आणि तरीही याच देशातील असंख्य रुग्ण मॉर्फिनच्या गोळीवाचून तळमळत गेले, हे मला फार खेदाचे वाटते. १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्याने परवान्यांचे असे जाळे विणले की रुग्णालयांनी आणि औषधविक्रेत्यांनी हे औषध बाळगणेच सोडून दिले. २०१४ च्या दुरुस्तीने मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांसाठी ही वाट पुष्कळ सुकर केली आहे. आजही ते प्रत्येक दुकानात मिळत नाही. आपल्या जिल्ह्यात कोणत्या रुग्णालयात मिळते याची चौकशी वेदना असह्य होण्याआधी करून ठेवावी, आणि साठा संपण्याच्या चार दिवस आधी पुढची तजवीज करावी.

जेवणाचा प्रश्न याहून नाजूक, कारण आपल्याकडे माया ताटातून व्यक्त होते. 'दोन घास तरी खा ना, आई' या विनवणीत केवढी व्याकुळता असते! पण वाढलेल्या कर्करोगात भूक जाणे हा रोगाचाच भाग असतो. खाल्ले नाही म्हणून शरीर खंगते, एवढेच ते गणित नसते, आणि बळेबळे भरवल्याने शक्ती येत नाही, उलटी मात्र होते. मोठ्या ताटाऐवजी वाटीभर मऊ भात, पेजेचे चार घोट, शिकरणीचे दोन चमचे, तेही ती मागेल तेव्हा आणि वेळेचा आग्रह न धरता, असे ठेवावे. राहिले तर निमूटपणे उचलावे, कारण तिला त्या उरलेल्या वाटीचीही शरम वाटत असते. अखेरच्या दिवसांत तहानही मंदावते. तेव्हा सलाईनच्या बाटलीने आराम पडतोच असे नाही, सूज आणि छातीतली घरघर कधीकधी वाढते. ओठांवर ओला कापूस फिरवणे, तोंड स्वच्छ ठेवणे, ओठांना साजूक तूप लावणे, याने अधिक बरे वाटते.

उपचार आणखी किती करावेत, हा निर्णय रुग्णाचा. मुलाने डॉक्टरांना त्याच्यादेखत विचारावे की या औषधाने आयुष्य किती वाढेल, वाढलेल्यातले किती दिवस रुग्णालयात जातील, आणि औषध न घेतल्यास काय होईल. या तीन प्रश्नांच्या उत्तरांनंतर कित्येक वडील आणखी औषध घेतात, कित्येक नको म्हणतात. दोन्ही निर्णय शहाणपणाचे असू शकतात. दुसऱ्या डॉक्टरांचे मत एकदा जरूर घ्यावे, पण पाचव्या आणि सहाव्या मतासाठी थकलेल्या माणसाला गावोगाव हिंडवू नये. हमखास बरे करणाऱ्या काढ्यांची नावे घेऊन नातलग येतील; त्यांचा सद्भाव स्वीकारावा आणि जमीन विकण्याचा विचार दूर ठेवावा. महात्मा ज्योतिबा फुले जन आरोग्य योजनेत काय बसते, याची विचारणा रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे करावी. मुंबईत दीर्घ मुक्काम पडणार असेल तर दादरच्या श्री गाडगे महाराज धर्मशाळेत कर्करोगाच्या रुग्णांची आणि त्यांच्या सोबतच्या माणसांची अत्यल्प खर्चात सोय होते.

कागदपत्रांचा विषय काढणे अशुभ वाटते खरे, पण खरे बोलणे एकदा सुरू झाले की तो रुग्णच काढतो, हे वर आलेच आहे. मृत्युपत्र दोन साक्षीदारांसमक्ष सही केलेले असावे. त्याची नोंदणी कायद्याने सक्तीची नाही, पण केलेली बरी. मुखत्यारपत्राच्या भरवशावर राहू नये, ते देणाऱ्याच्या निधनाबरोबर संपुष्टात येते. बँकेतले खाते दोघांच्या नावे आणि नामनिर्देशन बिनचूक आहे ना, हे पाहून घ्यावे. याखेरीज, सुधारणा होण्याची शक्यता नसताना कृत्रिम श्वासयंत्र लावू नये, अशी इच्छा आगाऊ लिहून ठेवता येते: सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालाने तिला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये तिची कार्यपद्धती सोपी केली; आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर तो दस्तऐवज करता येतो, आणि त्याची प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे देता येते.

शुश्रूषेचा भार बहुधा एकाच व्यक्तीवर पडतो, आणि ती व्यक्ती बहुधा सून, मुलगी किंवा स्वतः सत्तरीची झालेली पत्नी असते. परदेशी असलेला मुलगा पैसे पाठवतो, रात्री व्हिडिओवर येतो आणि नव्या औषधाची बातमी सांगतो. त्याची तगमग खरी असते, पण रात्रभर जागलेल्या बहिणीला त्या बातमीपेक्षा, 'मी तीन आठवडे येतो, तू जाऊन झोप' हे वाक्य अधिक हवे असते. जो येऊ शकत नाही त्याने रात्रपाळीच्या सेविकेचा खर्च उचलावा आणि निर्णय जवळ असलेल्यांवर सोडावेत. नातवंडांनाही त्यांच्या वयाला झेपेल इतके खरे सांगावे आणि आजीजवळ जाऊ द्यावे. कर्करोग स्पर्शाने लागत नाही.

ज्यांना अखेर घरी हवी असते त्यांच्यासाठी काही गोष्टी अगोदर ठरलेल्या असाव्या लागतात. शेवटच्या दोन-तीन दिवसांत झोप वाढते, हातपाय गार पडतात, श्वास मध्येच थांबून पुन्हा सुरू होतो, घशात घरघर येते. पाहणाऱ्याला ती घरघर भयंकर वाटते, पण रुग्ण बहुधा त्या वेळी ती जाणण्याच्या अवस्थेत नसतो; कुशीवर वळवले की आवाज कमी होतो. हे कोणी आधी सांगितलेले नसले की पहाटे तीन वाजता घाबरून रुग्णवाहिका बोलावली जाते, आणि ज्याने घरी राहायचे म्हटले होते तो अतिदक्षता विभागात नळ्यांमध्ये जातो. म्हणून त्या रात्री कोणाला फोन करायचा, तोंडाने गोळी गिळता येईनाशी झाल्यावर औषध कोणत्या मार्गाने द्यायचे, आणि घरी मृत्यू झाल्यास कोणते डॉक्टर येऊन मृत्यूच्या कारणाचा दाखला देतील, हे त्या डॉक्टरांशी आठवडाभर आधी बोलून कागदावर लिहून ठेवावे आणि तो कागद खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक असावा. तो दाखला नसेल तर स्मशानात अडवणूक होते. असला म्हणजे ग्रामपंचायतीत किंवा महानगरपालिकेत २१ दिवसांच्या आत मृत्यूची नोंद विनासायास होते. प्रमाणपत्राच्या प्रती त्याच वेळी आठ-दहा घ्याव्यात, बँकेत, पेन्शनच्या कचेरीत आणि तलाठ्याकडे वारसनोंदीला त्या लागतातच.